बाटल्या धुऊनही वाइन-बिअर का बिघडते: दोष शोधायची आणि काढायची पद्धत

लक्षणं ओळखीची आहेत. बाटलीत भरताना चाखलेली वाइन किंवा बिअर स्वच्छ लागली होती. महिना-दीड महिन्याने चोवीस बाटल्यांतल्या चार-पाच बिघडलेल्या निघतात. एकीचं झाकण काढताच अर्धी बाटली फेस होऊन ओट्यावर, दुसरीला व्हिनेगरचा वास, तिसरीच्या गळ्यात द्रव जिथे संपतो तिथे पांढुरकं कडं. मग पुढच्या बॅचला सॅनिटायझर, म्हणजे भांड्यांतले जंतू मारणारं द्रव्य, दुप्पट घातला जातो, बाटल्या रात्रभर त्यात बुडवल्या जातात, आणि तरीही तीन-चार बाटल्या जातातच.

सॅनिटायझर वाढवून हे थांबत नाही, कारण बहुतेक वेळा तो जंतूंपर्यंत पोचतच नाही. बाटलीच्या आत वाळलेल्या साक्याचा थर असतो, जंतू त्या थराखाली, आणि सॅनिटायझर वरून ओघळून जातो. विरजणाचं भांडं न घासता नुसतं विसळून त्यात दूध ठेवलं की ते नासतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. बाटलीचंही तसंच आहे. फरक इतकाच की भांड्यात हात जातो, बाटलीत जात नाही, त्यामुळे न घासलेलं दिसत नाही.

एक गोष्ट आधीच. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यापुरतंही नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मुभा मिळाली. तिथे राहून वाइन-बिअर करणारे मराठी लोक आणि इथे कोंबुचा (आंबवलेला चहा) किंवा आल्याचा सोडा घरी आंबवणारे, दोघांनाही पुढचं सगळं लागू आहे. बाटली तीच, थर तोच, चुकाही त्याच.

आधी दोष बाटलीचाच आहे का, ते ठरवा

बाटल्या भरताना प्रत्येक झाकणावर मार्करने क्रमांक टाका, ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने. एवढ्या एका सवयीने निम्मं निदान होतं.

सगळ्याच बाटल्या सारख्या बिघडल्या असतील तर बाटल्यांना दोष देऊ नका. बिघाड त्याच्या आधी झालेला आहे: फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं), भरण्याची बादली किंवा सायफनची नळी. पहिल्या चार-पाचच बिघडल्या आणि पुढच्या चांगल्या निघाल्या, तर तोटीत किंवा नळीत काहीतरी साचलेलं होतं आणि पहिल्या दोन-तीन लिटरांनी ते धुऊन बाटल्यांत नेलं. शेवटच्या दोन-तीनच शिळकट, ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागत असतील तर बादली रिकामी होताना हवा ओढली गेली, तो जंतूंचा प्रश्नच नाही. आणि बिघडलेले क्रमांक ३, ११, १२, १९ असे विखुरलेले असतील, तर मात्र त्या बाटल्याच अस्वच्छ होत्या.

फेस उसळणाऱ्या बाटल्यांसाठी अजून एक तपासणी हवी. एक बाटली फ्रीजमध्ये चांगली गार करून उघडा, द्रव दोन ग्लासांत वरून खाली ओतून ओतून त्यातला वायू घालवा, खोलीच्या तपमानाला आला की हायड्रोमीटरने गुरुत्व मोजा, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते. साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. बाटल्या भरताना लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

आकडा तोच असेल, चव शुद्ध असेल आणि फेस मात्र फार असेल, तर बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून भरताना घातलेली साखर जास्त झाली किंवा नीट मिसळली नाही. हिशेब सोपा आहे: एका लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक पट वायू तयार होतो, म्हणजे लिटरभर द्रवात लिटरभर कार्बन डायऑक्साइड. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये आधीचा ०.८५ पट असतोच. लिटरला ६ ग्रॅम साखर घातली तर एकूण सुमारे २.४ पट होतो, तो नेहमीच्या बिअरसाठी योग्य. साखरेचा पाक बादलीच्या तळाशी बसला आणि तोटी तळाशीच असली, तर पहिल्या बाटल्यांत साखर जास्त जाते. त्या उसळतात आणि शेवटच्या सपाट लागतात. पुष्कळ जण याला जंतूंचा बिघाड समजून बाटल्यांचा आख्खा साठा उकळत बसतात.

आकडा घसरला असेल, म्हणजे भरताना १.०१२ होता आणि आता १.००६ आहे, तर दोन शक्यता उरतात. एक, आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच बाटल्या भरल्या. मग सगळ्याच बाटल्या सारख्या फुगतात. दोन, काही बाटल्यांत रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरले आणि नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा त्यांनी खाल्ल्या. मग ठरावीक बाटल्याच फुगतात, चव पातळ होते आणि फेस आठवड्यागणिक वाढत जातो. गुरुत्वाचा एक अंश म्हणजे ०.००१, आणि असे दोन अंश म्हणजे साधारण एक पट वायू. सहा अंश घसरले म्हणजे आधीच्या वायूवर तीन पटींची भर. साध्या बिअरच्या बाटलीला एवढा दाब पेलवत नाही. अशी एक जरी बाटली निघाली तरी त्या बॅचच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी फ्रीजमध्ये गेल्या पाहिजेत.

वास आणि कडं

व्हिनेगरचा वास म्हणजे असेटोबॅक्टर. त्याला हवा लागते, त्यामुळे अर्धवट भरलेल्या किंवा झाकण नीट न बसलेल्या बाटल्यांतच तो फोफावतो. ताकासारखा आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा. बिअरला तार सुटते, ओतताना ती तेलासारखी घरंगळते आणि लोण्याचा वास येतो, तो पेडिओकॉकस. तबेल्याचा किंवा घामट चामड्याचा वास ब्रेटानोमायसिसचा. औषधी पट्टीचा वास येतो तेव्हा जंतूंच्या आधी क्लोरीनवर संशय घ्या, त्याबद्दल पुढे येईलच.

गळ्यातल्या कड्याबद्दल थोडं सावकाश. बाटली ट्यूबलाइटसमोर आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. द्रवाची पातळी होती तिथे पिठूळ, बारीक ठिपक्यांची रेघ दिसेल. बाटली हलवली की निरुपद्रवी यीस्टची रेघ विरघळून जाते. बिघाडाचं कडं चिकट असतं, हलवल्यावर त्याचा एखादा तुकडा सुटतो आणि सायीच्या कपच्यासारखा तरंगतो. तरी नुसतं कडं बघून बाटली मोरीत ओतू नका. वास, चव, फेस यांतलं आणखी एक लक्षण सोबत हवं.

हेच पुन्हा पुन्हा का होतं

बाटली पिऊन झाली की तळाशी चमचाभर साका राहतो. दोन दिवसांत तो वाळतो. यीस्टच्या मृत पेशी, प्रथिनं, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ आणि पाण्यातले क्षार यांचा मिळून तो थर होतो. बिअरच्या बाबतीत त्यात कॅल्शियम ऑक्झलेटही बसतं, त्याला बिअरस्टोन म्हणतात. तो करडा-पिवळसर, हाताला खरखरीत आणि नुसत्या गरम पाण्याला दाद न देणारा असतो. या थरात जिवाणू स्वतःचं चिकट आवरण विणतात. सॅनिटायझर वरच्या पेशी मारतो, खालच्या जिवंत राहतात. नवी बिअर आत आली, साखर मिळाली, की त्या पुन्हा वाढतात. बिघडलेली बाटली विसळून पुन्हा साठ्यात गेली की पुढच्या वेळी तीच बाटली पुन्हा बिघडते, आणि दोष मात्र त्या बॅचच्या माथी येतो.

म्हणून दोन कामं वेगळी ठेवायची. साफ करणं म्हणजे थर काढणं, सॅनिटायझ करणं म्हणजे उरलेले जंतू मारणं. पहिलं नीट झालं तर दुसरं दोन मिनिटांचं काम आहे. पहिलं राहिलं तर दुसरं दोन तास केलं तरी उपयोग नाही.

साफ करणं

सगळ्यात स्वस्त उपाय बाटली रिकामी झाल्या क्षणी करायचा असतो. तिसरा हिस्सा कोमट पाणी, अंगठ्याने तोंड बंद, जोरात हलवणं, ओतणं, असं तीनदा. साका ओला असताना तीस सेकंदांत निघतो, वाळल्यावर त्यालाच रात्रभर भिजत ठेवावं लागतं. विसळलेली बाटली उपडी निथळवा.

वाळलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या बाटल्यांसाठी सोडियम परकार्बोनेट वापरा. दुकानात ते ऑक्सिजन ब्लीच म्हणून कपड्यांचे डाग काढायला मिळतं. पाकिटावर सुगंध, रंग किंवा साबण मिसळल्याचा उल्लेख नसावा. लिटरला ५ ते ८ ग्रॅम, पाणी ५० ते ६० अंश. थंड पाण्यात ते फार हळू काम करतं आणि लोकांचा इथेच गैरसमज होतो की पावडर खराब निघाली. पीबीडब्ल्यू या नावाने मिळणारी ब्रूअरीची धुण्याची पावडर लिटरला ७ ते १५ ग्रॅम घेतात. तिच्यात परकार्बोनेटसोबत मेटासिलिकेटही असतं, त्यामुळे सुटलेली घाण पुन्हा काचेला चिकटत नाही. हे द्रावण हाताला बुळबुळीत लागतं, म्हणजे ते त्वचेचं तेल विरघळवत असतं, तेव्हा रबरी हातमोजे घाला.

मोठ्या टबात बाटल्या आडव्या बुडवा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुड्याखालची काच कोरडी राहते आणि नेमकी ती जागा खांद्याच्या वळणाशी येते. अर्धा तास पुरतो, जुन्या थराला रात्रभर. बाहेरची कागदी लेबलंही याच पाण्यात सुटतात. मागचा डिंक उरला तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा यांची चटणी फडक्याने चोळा, पण बाटलीचं तोंड बंद करून. तेलाचा थेंब आत गेला तर बिअरचा फेस बसतो. भिजत घातलेल्या बाटलीला झाकण कधीही लावू नका, आणि उरलेलं द्रावण घट्ट बंद डब्यात साठवू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि डबा फुटू शकतो.

भिजवल्यावर ब्रश. लांब दांड्याचा, टोकालाही केस असलेला, बुडापर्यंत पोचणारा. ब्रश नसेल किंवा गळा फार अरुंद असेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून गोल फिरवत हलवा, ही जुनी युक्ती उत्तम चालते. तांदळाचं पीठ काचेला राहू नये म्हणून नंतर भरपूर विसळा. वाळू नको, काचेवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी थर त्याच ओरखड्यांत बसतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला तर ब्रशही नको, नुसतं भिजवणं आणि हलवणं. तिला ६० अंशांपेक्षा गरम पाणीही नको, ती आक्रसते.

भांड्यांचा लिंबाच्या वासाचा साबण बाटलीच्या आत वापरू नये. त्याचा अंश काचेला धरून राहतो, वास येतो, फेस टिकत नाही. डिशवॉशरच्या चकाकी आणणाऱ्या द्रवाचंही तेच. शिवाय डिशवॉशरची धार अरुंद गळ्यातून आत पोचत नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवून थर निघत नाही.

साफ झाली की नाही याची खात्री अशी: बाटली पाण्याने भरून ओता आणि उजेडाकडे धरा. स्वच्छ काचेवरून पाणी सलग पडद्यासारखं उतरतं. जिथे ते फाटतं, थेंब धरतं, तिथे अजून काहीतरी आहे. बुडाच्या कडेची खाच आणि खांद्याचं वळण, या दोन जागा आवर्जून बघा. संशय वाटला तर दोन बोटं कोमट पाणी घालून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी झाकण काढताच नाक लावा. स्वच्छ बाटलीला कसलाच वास येत नाही.

धुतल्यावर पांढरी झाक राहते

हा घाणीचा दोष नाही, पाण्याचा आहे. परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की धुण्याचा सोडा तयार होतो, आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून तो खडूसारखा काचेवर बसतो. मुंबईचं तलावाचं पाणी हलकं असतं, तिथे हा त्रास क्वचितच. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात हमखास, आणि लंडनच्या चुनखडीच्या पाण्यातही. लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, कोमट पाण्यात विरघळवून बाटलीत अर्धा तास ठेवा, झाक जाते. बिअरस्टोनलाही आधी हाच आंबट हात आणि मग सोड्याचा, असा क्रम लावा. एकदा निघाला नाही तर पुन्हा करा. पण रात्रभर सोड्यात राहून काच दुधी झाली असेल आणि आम्लानेही ती दुधीच राहिली, तर तो काचेलाच लागलेला मार आहे. अशी बाटली सरळ काढून टाका.

सॅनिटायझर

साफ केल्यावर भरपूर पाण्याने विसळणं इथे फार महत्त्वाचं आहे, आणि कारण रासायनिक आहे. सोड्याचं द्रावण अल्कधर्मी, बहुतेक चांगले सॅनिटायझर आम्लधर्मी. आत सोडा राहिला की तो सॅनिटायझरचं आम्ल मारून टाकतो. ‘दुप्पट घातला तरी काम करत नाही’ यामागे पुष्कळदा हेच असतं.

स्टार सॅन हे फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण. प्रमाण १९ लिटरला ३० मिलि, म्हणजे ५ लिटरला साधारण ८ मिलि. मापाला सिरिंज घ्या, बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. त्याचा पीएच ३ च्या खाली असेपर्यंतच ते काम करतं, पीएचची पट्टी बुडवून बघा. जड पाण्यात ते तासाभरात गढूळ होतं आणि पीएच चढतो, म्हणून आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावं. अशा पाण्यातलं द्रावण बंद कॅनमध्ये काही आठवडे टिकतं. दोन मिनिटं आतली सगळी काच ओली राहिली की पुरे. बाटली उपडी केल्यावर आत फेस राहतो, तो राहू द्या. त्याने चव बदलत नाही आणि पाण्याने विसळायची गरज नाही.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. लोणच्याची बरणी उन्हात खडखडीत वाळवायची असते, ओलं राहिलं की बुरशी येते, हे हाडीमाशी भिनलेलं आहे. म्हणून सॅनिटायझ केलेली बाटलीही लोक ओट्यावरच्या फडक्याने पुसतात किंवा उघडी उन्हात ठेवतात. फडक्यातले जंतू आत गेले, उघड्या तोंडातून धूळ गेली, आणि आधीची सगळी मेहनत वाया. आंबवायच्या बाटलीचा नियम उलटा आहे: सॅनिटायझरने ओली असतानाच भरायची.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनचा सॅनिटायझर, हा दुसरा चांगला पर्याय. १२.५ पीपीएम (लिटरला १२.५ मिलिग्रॅम आयोडीन), दहा मिनिटं, मग निथळवून भरायचं. द्रावणाचा फिकट तपकिरी रंग उडाला की त्याचा जोरही उडाला. प्लॅस्टिकच्या नळ्यांना डाग पडतात, ते चालतं.

केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सरबतं टिकवायला आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. वाइनच्या बाटल्यांसाठी ते चांगलं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम केएमएस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आम्ल घातल्याशिवाय त्यातला सल्फर डायऑक्साइड पुरेसा मोकळा होत नाही, आणि हेच बऱ्याच जणांकडून राहतं. दहा मिनिटं ठेवा, मग पाच-दहा मिनिटं उपडी निथळवा. बाटलीत १ मिलि उरलं तरी ७५० मिलि वाइनमध्ये साधारण ७-८ पीपीएम भर पडते, ती वाइनला सहज चालते. द्रावण करताना खिडकी उघडी हवी. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम करू नये. आणि वास नाकात झोंबत नसेल तर पाकीट जुनं आहे, हवा लागून जोर गेलेला आहे. हे द्रव्य जंतूंना मारण्यापेक्षा रोखतं जास्त, त्यामुळे बिअरसाठी त्याच्यावर विसंबू नये.

ब्लीच शेवटचा पर्याय. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, बिनवासाचं, लिटरला ४ मिलि, वीस मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळणं. एवढं करूनही जे उरतं ते द्राक्षांतल्या किंवा माल्टमधल्या (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेनॉलशी जुळून क्लोरोफेनॉल होतं. औषधी पट्टीचा वास तो हाच. तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवतो की विसळण्यातली एक चूक पुरते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूफूल किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. काल आम्लाने झाक काढलेली बाटली आज ब्लीचमध्ये घालायची असेल तरी मधे भरपूर पाणी हवं. स्टीलच्या भांड्यांनाही ब्लीच खातं, बारीक खड्डे पडतात.

उष्णता वापरायची असेल तर ओव्हन: १७० अंशांना एक तास, किंवा १६० ला दोन तास. बाटल्यांच्या तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल लावा, थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवा आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्या. याचा मोठा फायदा म्हणजे फॉइल न काढता बाटल्या आठवडे-आठवडे तयार राहतात. फक्त आत ओलावा किंवा घाण असेल तर ती भाजून काचेला कायमची चिकटते. आणि वारंवार तापवलेली काच ठिसूळ होत जाते, तेव्हा फसफसणाऱ्या पेयाच्या बाटल्यांना हे दरवेळी करू नका. बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतणं ही तर तडा जाण्याची हमी.

बाटली निर्दोष असूनही बिघडते तेव्हा

तोटी. तिचा दांडा फिरतो त्या फटीत प्रत्येक बॅचचे दोन थेंब अडकतात आणि कुजतात. गरम पाण्यात बुडवून दांडा बाहेर खेचता येतो, अनेक तोट्या अशा सुट्या होतात. आतल्या दंडगोलावर तपकिरी मेणचट कडं दिसलं की पहिल्या पाच बाटल्या का जात होत्या ते कळतं. दर वेळी सुटी करून धुवा. बाटल्या भरण्याआधी तोटीच्या तोंडाला ७० टक्के अल्कोहोल फवारा आणि उडून जाऊ द्या.

भरण्याच्या नळीच्या टोकाची स्प्रिंगची झडपही सुटी होते. लवचिक नळी आतून दिसत नाही, म्हणून ती धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा वर्षातून एकदा बदलणं परवडतं. आतून डागाळलेली किंवा वास धरलेली असेल तर लगेच. सेझाँ प्रकारच्या बिअरची अनेक यीस्ट इतर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा खातात. ती वापरली असेल तर तिची नळी वेगळी ठेवा, नाहीतर पुढची साधी बिअर दोन महिन्यांनी उसळते.

तारेच्या झाकणाच्या बाटल्यांची रबरी चकती प्रत्येक वेळी काढून धुवायची. चकतीच्या मागे काळी रेघ असेल तर ती बुरशी आहे, चकती नवी घाला. क्राउन झाकणं (दातेरी पत्र्याची) उकळू नका, आतलं अस्तर बिघडतं. पाच मिनिटं सॅनिटायझरमध्ये पुरतात. बूच तर मुळीच उकळू नये, त्याचा भुगा होतो. केएमएसच्या द्रावणात बुडवून लगेच ठोका.

कुठल्या बाटल्या घेऊच नयेत

भंगारवाल्याकडची बाटली स्वस्त पडते, पण तिच्यात आधी काय होतं ते कळत नाही. फिनेल, रॉकेल, ॲसिड, कीटकनाशक यांचा किंचितही संशय असला तर ती घरात आणू नका. कितीही धुतली तरी ती चालणार नाही. तोंडाच्या कडेवर नख फिरवा. कपचा उडालेला लागला तर झाकण हवाबंद बसणार नाही. साध्या वाइनच्या बाटलीत फसफसणारं पेय भरू नका, ती दाबासाठी केलेली नसते. शॅम्पेनच्या जाड बाटल्या चालतात, पण त्यांतल्या काहींना २६ ऐवजी २९ मिमीचं झाकण लागतं, तेव्हा आधी मोजा.

धुतलेल्या बाटल्या पूर्ण निथळल्यावरच क्रेटमध्ये ठेवा, तोंडावर फॉइलचा तुकडा दाबून. पावसाळ्यात ओली बाटली बंद कपाटात ठेवली तर आठवड्यात आत बुरशीचे ठिपके दिसतात, आणि उघड्या तोंडाच्या बाटलीत झुरळं शिरतात.

आत्ता हाताशी असलेल्या बिघडलेल्या बाटल्यांचं काय

फुगलेली बाटली म्हणजे काचेचा बाँब आहे, तिला हलक्या हाताने घेऊ नका. चष्मा आणि जाड हातमोजे घाला, बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून उभीच फ्रीजमध्ये ठेवा, चोवीस तास. गार झाल्यावर वायू द्रवात मुरतो आणि दाब उतरतो. मग मोरीत, टॉवेलखालीच, ओपनरने झाकणाची कड जराशी उचला, फुस्स आवाज थांबू द्या, आणि मगच पूर्ण काढा. सगळ्या उघडून झाल्या की त्या बाटल्यांना लाल मार्करने खूण करा, साका वाळायच्या आत परकार्बोनेटमध्ये रात्रभर घाला, सकाळी ब्रश, मग आम्ल, पुन्हा परकार्बोनेट, आणि पाण्याच्या पडद्याची तपासणी. खूण केलेली बाटली पुढच्या बॅचलाही बिघडली, तर ती काचेच्या कचऱ्यात टाका.